दुरून डोंगर साजरे का?

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण डोंगरांपेक्षा माणसांनाच जास्त लावतो. परदेशातली नोकरी, शेजाऱ्याचा संसार, पुढाऱ्याचा साधेपणा: लांबून देखणे, जवळ गेल्यावर दगडधोंडे. पण म्हणीतला डोंगर एकदा शब्दशः घेऊन पाहावा. कोकणातल्या सपाटीवरून सह्याद्रीची रांग दिसते ती निळसर आणि चपटी, एकामागे एक कागद कापून चिकटवावेत तशी. कोणता सुळका पुढे आणि कोणता मागे हे रंगाच्या फिकेपणावरून कळते. दोहोंच्या मध्ये केवढी दरी आहे याचा पत्ता लागत नाही. पावसाची सर येऊन गेली, हवा धुऊन निघाली, की तीच रांग हाकेच्या अंतरावर आल्यासारखी वाटते. डोंगर जागचा हललेला नसतो. डोळ्याने अंतर मुळी मोजलेलेच नसते, हवेच्या धूसरपणावरून अंदाज केलेला असतो. मग पायथ्याशी जावे, पायवाटेला लागावे. आता पुढचा दगड किती उंच आहे आणि पाय किती उचलायचा हे विचार न करता कळते, कड्याचा फुगवटा अंगावर येतो. दोन्ही वेळा डोंगर खराच असतो आणि तो खरा आहे हे दोन्ही वेळा आपल्याला ठाऊक असते. तरी पहिल्यांदा तो चित्रासारखा वाटतो आणि दुसऱ्यांदा साक्षात. हा फरक डोंगरात तर नाही. मग तो कशात आहे?

एखादी वस्तू खरी असणे, ती खरी आहे हे आपल्याला माहीत असणे आणि ती खरी वाटणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या जगण्यात तिन्ही एकत्र नांदतात, म्हणून त्यांच्यातली फट दिसत नाही. ती फट दाखवणारा उत्तम पुरावा दृष्टीच्या अभ्यासात सापडतो, त्यातही खोली कशी दिसते या प्रश्नाच्या अभ्यासात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उमटणारी प्रतिमा सपाट असते. तिला लांबी-रुंदी असते, खोली नसते. तरी आपल्याला जग भरीव दिसते. या पुराव्यावरून माझे म्हणणे असे की समोरचे जग खरे वाटणे हा जगाबद्दलचा निकाल नसतो. ‘ही वस्तू तुझ्या आवाक्यात आहे, तिच्यापर्यंत हात किती लांब करायचा हे तुला ठरवता येईल’ असा मेंदूने शरीराला धाडलेला तो निरोप असतो. निरोप बहुतेक वेळा बरोबर निघतो, म्हणून आपण त्यालाच सत्य समजून बसतो. तो चुकतो कधी, गळतो कधी आणि कुणाला तो मुद्दाम घडवता येतो, हे समजून घेणे आजच्या पडद्यांच्या काळात गरजेचे झाले आहे.

सुरुवात डोळ्यांपासूनच करू. डोळे दोन का, यावर आपल्याकडच्या तर्कशास्त्राने फार पूर्वी वाद घातला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तो येतो. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजवा डोळा ओळखतो, तेव्हा दोन्ही डोळ्यांमागे पाहणारा कुणी एक असला पाहिजे, हा आत्म्याच्या बाजूचा युक्तिवाद. त्यावर आक्षेप असा की डोळा मुळात एकच. मध्ये नाकाचे हाड आले म्हणून दोन असल्याचा भास होतो. त्याला उत्तर: एक गेला तरी दुसरा शाबूत राहतो, मग ते एक कसे? हा वाद आत्म्याचा होता, खोलीचा नव्हता. दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते आणि त्यामुळे प्रत्येकाला जवळची वस्तू थोडी वेगळ्या बाजूने दिसते, हे लिओनार्दो दा विंचीलाही ठाऊक होते. पण या फरकाचा उपयोग काय, हे १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. काटकोनात उभ्या केलेल्या दोन आरशांच्या साहाय्याने त्यांनी प्रत्येक डोळ्याला वेगळे रेखाचित्र दाखवले. दोन सपाट रेखाचित्रे एकत्र येताच त्यांतून भरीव आकृती उभी राहिली. पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये बेला युलेश यांनी संगणकावर नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांची दोन चित्रे तयार केली. एकेका डोळ्याला त्यांत ठिपक्यांच्या गोंगाटाशिवाय काही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिले की मधोमध एक चौकोन हवेत तरंगू लागतो. म्हणजे वस्तू आधी ओळखायची आणि मग तिची खोली ठरवायची, हा क्रमही मेंदूला लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दोन डोळ्यांच्या फरकावर खरेपणा उभा असेल तर एक डोळा गेलेल्या माणसाला जग खोटे वाटायला हवे. तसे होत नाही. मन्सूर अली खान पतौडी यांचे उदाहरण आपल्या क्रिकेटवेड्या देशात सर्वांना माहीत आहे. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघात झाला, काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपली. सुरुवातीला ग्लासात पाणी ओतायला गेले तर ते टेबलावर सांडे, सिगारेट पेटवताना काडी टोकाला न लागता बाजूला जाई, असे त्यांनी स्वतःच्या आठवणींत नोंदवले आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते भारताकडून कसोटी खेळले, मार्च १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले आणि १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद २०३ धावा केल्या. ४६ कसोट्या आणि सहा शतके सपाट जगात वावरणाऱ्याच्या हातून होत नाहीत. न्यायसूत्रांतले उत्तर इथे वेगळ्या अर्थाने खरे ठरते: एक गेला तरी दुसरा पाहतच राहतो.

हे कसे जमते, ते कुणालाही एसटीच्या खिडकीत बसून पाहता येते. एक डोळा मिटला तरी रस्त्याकडेची झाडे झपाट्याने मागे पळतात, शेतातले झोपडे सावकाश सरकते आणि क्षितिजावरचा डोंगर आपल्याबरोबर चालत राहतो. या वेगांच्या फरकातच अंतर लिहिलेले असते. शिवाय जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, सारख्या आकाराची माणसे लांब गेली की लहान दिसतात, जमिनीचा पोत दूर जाताना बारीक होत जातो, सावली उजेडाची बाजू सांगते. दोन डोळ्यांची खरी गरज लागते ती हाताच्या टप्प्यातल्या बारीक कामाला. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला घ्या: सुई स्पष्ट दिसते, नेढे दिसते, दोऱ्याचे टोक दिसते, पण टोक नेढ्याच्या पुढे आहे की मागे हे दोनतीनदा हुकल्याशिवाय कळत नाही. दिसण्यात काही कमी झालेले नसते. माप हरवलेले असते. पतौडींच्या ग्लासाचेही तेच झाले होते. ग्लास आहे याबद्दल शंका नव्हती, तो नेमका किती लांब आहे हे हाताला मिळत नव्हते. सरावाने इतर खुणांतून ते माप हाताला पुन्हा मिळू लागले.

‘माप’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले धनराज विश्वनाथ आणि त्यांचे सहकारी पॉल हिबर्ड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना साधी छायाचित्रे एका डोळ्याने, लहान छिद्रातून पाहायला लावली. चित्राच्या कडा दिसू नयेत एवढीच तजवीज होती. पाहणाऱ्यांनी त्या सपाट चित्रात जी खोली अनुभवली तिचे वर्णन त्रिमिती चित्राच्या अनुभवाशी जुळणारे होते. हे घरी करून पाहता येईल. वर्तमानपत्रातले रस्त्याचे किंवा गर्दीचे एखादे मोठे छायाचित्र घ्या, जाड कागदाला वाटाण्याहून लहान भोक पाडा, ते डोळ्याशी धरा, दुसरा डोळा मिटा आणि चित्राची चौकट नजरेआड ठेवून काही क्षण पाहत राहा. बऱ्याच जणांना चित्र हळूहळू कागद सोडून आत सरकल्यासारखे वाटते. माहितीत भर पडलेली नाही, उलट एक डोळा कमी केला आहे. मग खोली आली कुठून? विश्वनाथ यांचे उत्तर असे की दोन्ही डोळे उघडे असताना ते मेंदूला कागदाचे अंतर नेमके सांगत असतात. त्यामुळे चित्रातला रस्ता लांबवर जातो हे समजते, पण त्या रस्त्याला स्वतःचे असे अंतर मिळत नाही. अंतर फक्त कागदाला असते. छिद्रातून कागदाचा पत्ता पुसला जातो आणि मेंदू ते माप रस्त्याला देऊन टाकतो. २०१४ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त विस्ताराने मांडला: खोलीचा ठसठशीत, साक्षात अनुभव दोन डोळ्यांची मक्तेदारी नाही, समोरच्या दृश्याला मेंदूने किती खात्रीने प्रत्यक्ष माप दिले, यावर तो अवलंबून असतो.

या सिद्धान्ताने म्हणीतला डोंगर आणि नाटकाचा पडदा दोन्ही उलगडतात. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदे रंगवत असत. असा रंगवलेला राजवाडा पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला कापडावरचा रंग वाटतो, कारण तिथून दोन डोळे कापडाचा सपाटपणा पकडतात. मागच्या रांगेत ती पकड सैल होते, कारण अंतर वाढले की दोन डोळ्यांतल्या चित्रांचा फरक झपाट्याने घटतो. आणि तोच राजवाडा आत खोल जाऊ लागतो. पडदा दुरून खरा वाटू लागतो आणि डोंगर दुरून चित्र होतो. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन्हींमागे कारण एकच आहे. पडद्याच्या बाबतीत खोटेपणा उघड करणारे माप पोहोचत नाही, डोंगराच्या बाबतीत खरेपणा ठसवणारे माप पोहोचत नाही. डोळा ज्याला माप देऊ शकतो ते आपल्याला साक्षात वाटते. ज्याला देऊ शकत नाही ते साजरे वाटते.

माप मिळणे आणि न मिळणे यांत केवढा फरक आहे, याची साक्ष अमेरिकेतल्या मज्जाशास्त्रज्ञ सुझन बॅरी यांनी दिली आहे. त्या तान्ह्या असतानाच तिरळ्या झाल्या. बालपणी तीन शस्त्रक्रिया होऊन डोळे सरळ दिसू लागले, पण दोघे मिळून काम करायला शिकले नाहीत. लहान वयातली ठरावीक मुदत टळली की मेंदूत ही जोडणी होत नाही, असे त्या काळचे शास्त्र सांगत होते. मांजराच्या पिलांवरच्या ज्या कामाशी हे मत जोडलेले होते त्या कामाबद्दल डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. बॅरी स्वतः हे विद्यार्थ्यांना शिकवत असत. वयाच्या ४८व्या वर्षी त्यांनी दृष्टीचे व्यायाम सुरू केले आणि एके दिवशी गाडीत बसल्यावर समोरचे स्टिअरिंग व्हील जागेवरून पुढे उसळून आल्यासारखे दिसले. पुढे एकदा बर्फ पडताना प्रत्येक कणाला स्वतःची जागा मिळालेली दिसली आणि आपण त्या बर्फाच्या आत उभ्या आहोत असे त्यांना वाटले. पूर्वी बर्फ समोर एका पातळीवर पडत असे आणि त्या बाहेरून बघत असत. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्यावर लिहिले, २००९ मध्ये त्यांचे स्वतःचे पुस्तक आले. या हकिकतीतला सर्वांत बोलका भाग असा की दोन डोळ्यांनी खोली कशी दिसते याचे सगळे शास्त्र त्यांना आधीपासून पाठ होते आणि तरीही तो अनुभव कसा असेल याची कल्पना त्या करू शकल्या नव्हत्या. आणि आधीच्या जगात काही उणे आहे असेही त्यांना जाणवले नव्हते. त्या मुद्द्याकडे शेवटी परत येऊ.

मग हे माप शिकावे लागते की जन्मतःच हाती असते? १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक यांना पत्राने विचारले: जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात, त्याला एकाएकी दृष्टी आली तर हात न लावता तो ते ओळखेल का? तीनशे वर्षे तत्त्वज्ञ यावर भांडले आणि नेटकी चाचणी झाली ती भारतात. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया घडवून आणल्या. ८ ते १७ वयोगटातल्या पाच मुलांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताने चाचपलेला ठोकळा नजरेने ओळखणे त्यांना सुरुवातीला जमले नाही, उत्तरे अंदाजपंचे होती. पण ज्यांना पुन्हा तपासता आले त्यांना काही दिवसांतच ते जमू लागले. २०१५ मध्ये याच प्रकल्पाने आणखी चकित करणारी गोष्ट नोंदवली. रेल्वेच्या रुळांसारख्या दूर जाताना जवळ येणाऱ्या दोन रेघांमध्ये सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या तर वरची मोठी वाटते, हा ओळखीचा दृष्टिभ्रम आहे. पाहण्याचा अनुभवच नसलेली ही मुले दृष्टी आल्याबरोबर त्याच भ्रमात सापडली. म्हणजे जागेचा काही अंदाज करण्याची खोड मेंदूत आधीपासून असते, पण डोळ्याचे जग आणि हाताचे जग यांची गाठ वापरातून पडते. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६०मध्ये लिहिलेला काचेच्या कड्याचा प्रयोग हेच वेगळ्या तऱ्हेने दाखवतो. टेबलाच्या अर्ध्या भागात जाड काचेखाली लगेच चौकटीचे कापड, उरलेल्या अर्ध्या भागात काचेखाली खोल पोकळी. पलीकडून आई बोलावते आहे. जागची हललेली २७ रांगती बाळे उथळ बाजूने गेली. खोल बाजूवर उतरलेली अवघी तीन. हाताखाली काच घट्ट लागत असूनही डोळ्याने दिलेल्या निरोपाने त्यांना थांबवले.

आता या धाग्यांना एकत्र गाठ मारता येते. खरेपणाची जाणीव वस्तूपासून निघत नाही, ती वस्तू आणि आपले शरीर यांच्यातल्या व्यवहाराची खूण आहे. भारतीय तत्त्वज्ञानाला ही दिशा अनोळखी नाही. ज्ञान खरे की खोटे याची कसोटी त्यानुसार केलेली प्रवृत्ती सफळ होते की नाही ही आहे, असे न्यायभाष्याच्या आरंभीच वात्स्यायन सांगतो. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्तीने ‘अर्थक्रिया’ हा शब्द दिला: जे काही काम करू शकते तेच खरे. मृगजळ पाण्यासारखे दिसते, तहान भागवत नाही, म्हणून ते पाणी नव्हे. दोघांचे इतर बाबतींत हाडवैर, पण सत्याची शेवटची परीक्षा हातपाय घेतात, दिसण्याचा ठसठशीतपणा घेत नाही, यावर दोघांचे एकमत. आजचे दृष्टिशास्त्र त्यांत एवढीच भर घालते की मेंदू ती परीक्षा होण्याआधीच तिच्या निकालाचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज आपल्याला ‘खरेपणा’ म्हणून जाणवतो.

यावर अभ्यासक एक नेमका आक्षेप घेतील. कृतीला जाणीव लागतेच कुठे? मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी १९९०च्या दशकात वर्णन केलेल्या एका रुग्ण स्त्रीला कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर समोरची फट उभी आहे की आडवी हे सांगता येत नसे, पण त्या फटीत कार्ड टाकायला सांगितले की हात बरोबर वळे. म्हणजे हाताला माप मिळत होते आणि जाणिवेला त्याचा पत्ता नव्हता. आक्षेप मान्य करावाच लागतो, पण तेवढ्यापुरता. चालू कृतीची क्षणाक्षणाची दुरुस्ती मेंदू गुपचूप करतो. काय करता येईल, कुठवर पोहोचता येईल, हे ठरवायला मात्र समोरचे जग आवाक्यातले म्हणून जाणवावे लागते. ती स्त्री फटीत कार्ड टाकू शकत होती, फट कशी आहे ते विचारात घेऊन काही आखू शकत नव्हती. खरेपणाची जाणीव या दुसऱ्या कामाची आहे. दुसरा आक्षेप चंद्राचा. चंद्राला आपण माप देऊ शकत नाही, म्हणून तो खोटा का वाटतो? खोटा कुणीच मानत नाही, कारण मानणे हे माहितीचे काम आहे. पण तो चकतीसारखा दिसतो हे कोण नाकारील? चंद्र हवा म्हणून हटून बसलेल्या बाळ रामाला आरशात चंद्र दाखवून गप्प केल्याची गोष्ट घराघरांत सांगतात. ती पटते, कारण आरशातला चंद्र आणि आकाशातला चंद्र नजरेला सारखेच लांब आणि सारखेच सपाट.

सर्वांत मोठा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो: खरेपणा मेंदूने घडवलेला असेल तर हे सारे माया ठरले की! अजिबात नाही. इथे अद्वैताचीच साक्ष काढता येते. दोरीवरचा साप दिवा आणल्यावर नाहीसा होतो. भ्रम ओळखता येतो तोच मुळी भ्रम नसलेल्या कशाच्या तरी आधाराने. बाहेर वस्तूच नाहीत, फक्त जाणिवा आहेत, असे म्हणणाऱ्या विज्ञानवाद्यांना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ठाम विरोध केला आहे आणि जागेपणाचा अनुभव स्वप्नासारखा आहे हेही त्यांनी नाकारले आहे. व्यवहारातले जग व्यवहारात खरेच धरले पाहिजे, ही त्यांची भूमिका. काचेच्या कड्यावर थबकलेले बाळ चुकले ते जग खोटे म्हणून नव्हे, निरोप अपुरा म्हणून. काचेवरून एकदा रांगून पाहिले असते तर चूक कळली असती. निरोप चुकू शकतो याचाच अर्थ बरोबर असणे नावाची काही गोष्ट आहे.

या भेदाचे व्यवहारातले महत्त्व दोन टोकांना दिसते. पहिले टोक म्हणजे निरोप गळणे. अतिताणात, भीतीच्या झटक्यात, कधी स्वतंत्र विकार म्हणून काही माणसांना भोवतालचे जग अवास्तव वाटू लागते. ते सपाट झाले आहे, काचेपलीकडे आहे, स्वप्नात चालल्यासारखे आहे, असे ती सांगतात. डोळे शाबूत असतात आणि जग खरे आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. तेच तर त्यांचे दुखणे. मानसोपचारात या अवस्थेला नाव आहे, निदानाचे निकष आहेत. घरात मात्र ‘डोळ्यांनी नीट दिसतेय ना, मग काय झाले?’ असे म्हणून ती उडवून लावली जाते. माहीत असणे आणि वाटणे वेगळे, हे उमजले तर अशा माणसाला वेडा किंवा नाटकी ठरवण्याची घाई होणार नाही. दुसरे टोक म्हणजे निरोप घडवणे. १९८४ मध्ये ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ या मल्याळी चित्रपटाने भारतीय सिनेमात त्रिमिती आणली; पुढे तोच ‘छोटा चेतन’ म्हणून हिंदीत आला आणि पडद्यातून येणाऱ्या वस्तू धरायला मुले हात पुढे करू लागली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २००२ मध्ये डोक्यावरच्या पडद्यातून आभासी खड्डा दाखवून केलेल्या प्रयोगात, आपण सपाट जमिनीवर उभे आहोत हे जाणणाऱ्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. काचेच्या कड्यावरच्या बाळात आणि या मोठ्या माणसांत फरक एवढाच की त्यांना सत्य सांगितलेले होते. सांगून उपयोग झाला नाही, कारण निरोप त्या मार्गाने येतच नाही.

म्हणून येत्या काळात कुणी ‘पण ते किती खरे वाटत होते!’ असे म्हणाले तर ते त्या दृश्याच्या कारागिरीचे कौतुक समजावे, साक्ष समजू नये. दृश्य जितके ठसठशीत तितका त्याचा करणारा मेंदूच्या सवयी ओळखून आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. साक्ष हवी असेल तर वात्स्यायनाची जुनी पद्धत चालू द्यावी: त्यावर काही करून पाहा, दुसऱ्या वाटेने पडताळा, हात लावता येत असेल तर लावा.

आणि शेवटी बॅरी यांच्या हकिकतीतला राहिलेला मुद्दा. निरोप तोकडा असला तरी तो ज्याला मिळतो त्याला पूर्णच वाटतो. ज्या मुलाचा एक डोळा तिरळा आहे किंवा एका डोळ्याचा नंबर फार वेगळा आहे, त्याचा मेंदू हळूहळू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा आळशी होतो. त्या मुलाला जग अपुरे दिसत नाही. त्याला जेवढे दिसते तेच त्याचे जग असते, त्यामुळे ते सहसा तक्रार करत नाही. आपल्याकडे तर तिरळेपणा भाग्याचा मानणारेही आहेत. बॅरी यांना ४८व्या वर्षी जे मिळाले ते अपवादाने. उपचार जितक्या लवकर तितका गुण जास्त, हे आजही खरे आहे. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दृष्टीची तपासणी समाविष्ट आहे. शाळेत तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मूल हजर ठेवावे. तपासताना एकेक डोळा झाकूनच तपासावा, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा आळशी डोळ्याची उणीव झाकतो. आणि शाळेत जायचे वय व्हायच्या आतच डोळा वळलेला दिसला तर ‘मोठेपणी होईल सरळ’ म्हणत थांबू नये. मूल सांगणार नाही. मोठ्यांनीच पाहायला हवे.